प्लसशिवायची यादी

सुजाताताई,

मागच्या रविवारी, तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात प्रज्ञाने माझं नाव पुकारलं. मी उठलो, माइकपाशी गेलो आणि तीनेक मिनिटं बोललो. तू शिस्तीची होतीस, तू माणसांना जीव लावलास, ऑफिसात तुझा दरारा होता. सगळं खरंच होतं, पण कुठल्याही चांगल्या बाईच्या कार्यक्रमात ते चाललं असतं. तू ऐकत असतीस तर म्हणाली असतीस, "शिरीष, भाषण केलंस की फॉर्म भरलास?"

खाली उतरलो तर तुझी भाची वाट बघत उभी. पांढऱ्या साडीत प्रज्ञा अगदी तुझ्यासारखी दिसते, फक्त तुझ्यापेक्षा कमी ओरडते. म्हणाली, "काका, एक गंमत दाखवते," आणि फोनवर एक फोटो उघडला. आपल्या चौकटीच्या वहीचं पान. आठ चौकोनांत आठ चिन्हं, तुझ्या अक्षरात, आणि खाली तुझी सही.

"आत्याची सगळ्यात भारी ओळ. वहीत तिची सही असलेलं हे एकच पान आहे. अभ्यासिकेच्या भिंतीवर रंगवून घेतोय. शनिवारी पेंटर येतोय."

मी म्हणालो, "छान."

ताई, हे पत्र त्या 'छान'मुळे लिहितोय. ती ओळ तुझी नाही. माझीही नाही. आणि ती चुकीची आहे.

आता पहिल्यापासून सांगतो. तुला पाल्हाळ आवडायचा नाही, पण आज माझा नाइलाज आहे आणि तुला मध्येच तोडता येणार नाही.

फोर्टातल्या त्या विमा कंपनीत मी लागलो तेव्हा गिरगावातून रोज डोक्याला तेल लावून येणारा, कुणाशी न बोलणारा पोरगा होतो. तू तिथे आठ वर्षं जुनी. तुझ्या टेबलावरच्या कीबोर्डवर प्रत्येक बटणाला हाताने लिहिलेली चिकटपट्टी होती: बाण, त्रिकोण, उलटा पेला, आकाशकंदिलासारखं काहीतरी. मी विचारलं, "मॅडम, ही कुठली लिपी?" तू म्हणालीस, "मॅडम नाही, ताई. आणि लिपी नाही, कॉम्प्युटरची भाषा आहे. बस."

त्या दुपारी तू मला जे सांगितलंस ते मी आजवर दुसऱ्या कुणाला तेवढ्या सोप्या शब्दांत सांगू शकलेलो नाही. बाकीच्या भाषांत यादीतला पहिला आकडा घे, त्याचं हे कर, मग दुसरा घे, असं दळण दळावं लागतं. या भाषेत सगळ्या यादीला एकदम हाक मारायची. "आमच्या चाळीत पाणी आलं की कुणी दारोदार जाऊन सांगत नाही," तू म्हणालीस. "एक जण ओरडतो, पाणी आलं. चाळीस खोल्या आपापले हंडे घेऊन बाहेर. तसं."

पुढे कंपनीने ती भाषा बंद केली, नवी यंत्रणा आली, तुझ्या कीबोर्डवरच्या पट्ट्या निघाल्या. आपल्या दोघांची सवय मात्र गेली नाही. तू निवृत्त झालीस तेव्हा म्हणालीस, "रविवारी दादरला भेटत जाऊ. डोकं गंजायला नको. तुझं म्हणते मी."

मग ते रविवार. स्टेशनजवळच्या त्या उडुपी हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल, तुझा उपमा, माझा साधा डोसा, आणि मधे चौकटीची वही. एकाने कोडं घालायचं, दोघांनी आठवडाभरात एका ओळीत सोडवायचं. एका चौकोनात एक चिन्ह. ज्याचे चौकोन कमी तो जिंकला. हरलेल्याने जिंकलेल्याची ओळ स्वतःच्या अक्षरात उतरवून खाली सही करायची. हा नियम तुझाच. तू म्हणायचीस, दुसऱ्याची ओळ हाताने लिहिल्याशिवाय ती डोक्यात जात नाही. ती वही आज उघडली तर पानोपान माझ्या सह्या आहेत. कुणाला वाटेल की मी बँकेत नमुन्याची सही सुधारत बसलोय.

आणि आपला वेटर सदानंद. पाच-सहा महिने तो लांबून बघत होता. चौकोन, त्यांत चिन्हं, आपण दोघं गंभीर. एका रविवारी पाण्याचे ग्लास ठेवता ठेवता त्याने हळूच विचारलं, "ताई, माझी पण पत्रिका बघाल काय? लग्नाचं जमत नाही."

मला ठसका लागला. तू मात्र वही त्याच्याकडे वळवलीस, एका चिन्हावर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "तुझ्या घरात आरसा आहे का रे? रोज दाढी कर. दोन महिन्यांत जमेल." त्याने खरंच दाढी करायला सुरुवात केली आणि त्याचं खरंच जमलं. तेव्हापासून आपल्याला चटणी न मागता मिळायला लागली. तू मला बजावलं होतंस, "त्याला काही सांगू नकोस. चटणी बंद होईल."

आता त्या कोड्यापाशी येतो. पाच वर्षांपूर्वी तू घातलेलं. आकड्यांची एक यादी आहे. त्यातले मायनस एका खोलीत, शून्यं दुसऱ्या खोलीत, प्लस तिसऱ्या खोलीत घाल. यादी कशीही असो, खोल्या तीनच आल्या पाहिजेत.

मी पहिल्याच मिनिटाला भांडण काढलं. "शून्याला वेगळी खोली कशाला? प्लसमध्ये टाकू. दोनच खोल्या. सगळे असंच करतात."

"सगळे करतात म्हणूनच."

"अगं पण शून्याने काय फरक पडतो? असून नसून सारखंच."

तू चमचा खाली ठेवलास. "शिरीष, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही अकरा जण होतो. मी कोणात मोडायचे माहितीये? पुरुष माणसं आत झोपली की लहान पोरं पोटमाळ्यावर, आई आणि काकू मोरीजवळ. मी मोठ्यांत नाही, लहानांत नाही. जिथे जागा उरेल तिथे सुजाता. बारावीचा अभ्यास मी जिन्यात केलाय. ज्याला कुठेच धरत नाहीत ना, त्यालाच स्वतःची खोली लागते. आणि खोलीत कुणी नसलं तरी खोली राहिली पाहिजे. तीन म्हणजे तीन."

तरी मी बोललोच. "पण गणितात…" तू म्हणालीस, "गणितातच सांगतेय." हे भांडण आपण पाच वर्षं घातलं, ताई. ते मिटलेलं नाही हे मी इथे नोंदवून ठेवतो. दोन खोल्यांनी काम भागतं असं मला अजूनही वाटतं. फक्त आता ते मोठ्याने म्हणवत नाही.

तुझी ओळ तू तिथल्या तिथे वहीत मांडलीस, वीस चौकोनांची. आणि काय ओळ होती. तुझी युक्ती अशी, की यादी हातात आली की तिच्यापुढे आपले तीन आकडे उभे करायचे: उणे एक, शून्य, एक. मग वाटणी करायची आणि प्रत्येक खोलीतला पहिला आकडा बाहेर काढायचा. मी विचारलं, "घालायचे आणि काढायचे, मग घालायचे कशाला?"

"नळावर डबा ठेवतात तसं. डबा म्हणजे माणूस नव्हे. पण डबा आहे म्हणून जागा आहे. माणूस आला की डबा उचलायचा. नाही आला तरी जागा होतीच ना?"

मला आठवडाभरात काहीच जमलं नाही. एका चिन्हानेही कमी होईना. मी सरळ हरलो असं सांगून सही केली असती तर गोष्ट तिथे संपली असती. पण त्या आठवड्यात मला एक खूळ लागलं. वहीतल्या सगळ्या सह्या माझ्या. एकदा, फक्त एकदा, मला तुझी सही बघायची होती. शनिवारी दुपारी ऑफिसात मी इंटरनेटवर शोधलं. कुठल्या तरी परदेशी माणसाचं पान निघालं, आपल्यासारखाच खुळा. त्याच्याकडे हेच कोडं, आठ चिन्हांत. मायनस, शून्य, प्लस यांना त्याने उणे एक, शून्य, एक असं केलं होतं, त्यात एक मिळवून खोलीचे नंबर बनवले होते, आणि प्रत्येकाला आपापल्या नंबरच्या खोलीत धाडलं होतं. नळावर डबे नाहीत, उचलाउचल नाही. मी ओळ हातावर लिहून घेतली, शाळेत कॉपी करतात तशी. वय वर्षं सत्तेचाळीस.

रविवारी वही पुढे सरकवली. तू आठ चौकोन बघितलेस. मग परत मोजलेस. चष्मा काढून पुसलास.

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं कोण? बसलो, सुचलं."

तू माझा फोन घेतलास, त्यावर आपली ती भाषा चालायची, आणि ओळ चालवून बघायला लागलीस. आधी मायनस नसलेली यादी दिलीस. पहिली खोली रिकामी, पण होती. शून्य नसलेली दिलीस. मधली खोली रिकामी, पण होती. तुझ्या चेहऱ्यावरचं ते आश्चर्य मला अजून दिसतं. "म्हणजे मी डबे उगाच ठेवत होते?" तू म्हणालीस. "थांब, प्लस नसलेली एक देऊन बघते."

तेवढ्यात उपमा आला. मी फोन तुझ्या हातातून घेतला आणि म्हणालो, "ती मी घरी दिलीये. बरोबर येते."

"नक्की?"

"नक्की."

मी दिली नव्हती. कुठलीच यादी दिली नव्हती. तू एक क्षण माझ्याकडे बघितलंस, पेन उघडलंस, तुझ्या त्या उभ्या, ताठ अक्षरात आठ चिन्हं उतरवलीस आणि सही केलीस. मग सदानंदला हाक मारलीस. "सदा, आज याला जिलबी दे. गुरूला हरवलं याने."

मंगळवारी मी ते पान पुन्हा उघडलं, नुसतंच, आपला विजय बघायला. ओळीखाली बारीक अक्षरात एक टीप होती. कॉपी करणारा उत्तर तेवढं उचलतो, टीप कोण वाचतो? लिहिलं होतं की यादीत प्लस नसेल तर ही ओळ चुकते. खोल्या शून्य, एक, दोन अशा नंबरांनी बांधल्या जातात. शेवटच्या नंबरचं कुणी आलंच नाही तर ती खोली बांधलीच जात नाही. तीनऐवजी दोनच. मी फोनवर उणे चार, शून्य, उणे नऊ अशी यादी दिली. दोन खोल्या आल्या. जी यादी तू देणार होतीस, तीच.

येत्या रविवारी सांगायचं ठरवलं. अगदी वाक्य तयार करून आलो. तर तू लाडवांचा डबा घेऊन बसलेली. वहिनींनी केलेले बेसनाचे लाडू. म्हणालीस, "घरी सगळ्यांना सांगितलं. दादाला काही कळलं नाही, पण खूश झाला. प्रज्ञाला म्हटलं, बघ, शिकवावं ते असं, की शिकणारा पुढे गेला पाहिजे." मी लाडू खाल्ला. दुसराही खाल्ला. इतका चांगला लाडू इतक्या वाईट मनाने कुणी खाल्ला नसेल.

त्यानंतर एकदा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो असताना मी म्हणालो होतो, "ताई, ती आठची ओळ…" तू म्हणालीस, "किती भाव खाशील? एकदा जिंकलास. आता पुढचं बघ." समोर नेटमध्ये कुणीतरी बोल्ड झाला आणि तू त्याच्या पायांच्या हालचालीवर बोलायला लागलीस. मी सुटलो. दर वेळी मला सुटता आलं, ताई. तूच मला सोडवायचीस, आणि तुला ते माहीत नसायचं.

परळच्या हॉस्पिटलात शेवटच्या आधीच्या भेटीत तू वही मागवलीस. सलाइनचा हात बाजूला धरून ते पान उघडलंस. "आठाची सात करता येतील असं वाटतंय मला," म्हणालीस. डोळे चमकत होते. "आता तरी विश्रांती घे," मी म्हणालो. "विश्रांतीच घेतेय," तू म्हणालीस. मी तिथे, तुझ्या पलंगाच्या कडेला बसून, सांगू शकलो असतो. नर्स बीपी घ्यायला आली आणि मी उठून उभा राहिलो. तू दुसऱ्याच्या, तीही फुटक्या, ओळीवर तुझी उरलेली ताकद खर्च करत होतीस, आणि तुझी स्वतःची, धडधाकट ओळ आधीच्या पानावर माझ्या डोळ्यांसमोर होती.

तर बुधवारी मी अभ्यासिकेत गेलो.

तुमच्या चाळीच्या तळमजल्यावरची, तू मुलांना शिकवायचीस ती खोली तशीच आहे. चटया, फळा, तुझं टेबल, बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं. प्रज्ञा भिंतीवर पट्टीने चौकोन आखत होती. आठ मोठे चौकोन. मी म्हटलं, "प्रज्ञा, आखू नकोस. आधी ऐक."

मी सगळं सांगितलं. खाली बघून सांगितलं, पण सगळं सांगितलं. फोन, टीप, लाडू, हॉस्पिटल. तिने लॅपटॉप उघडला, आठ चिन्हं टाकली आणि प्लस नसलेली एक यादी दिली. दोन खोल्या आल्या. तिने आकडे बदलून पुन्हा दिली. पुन्हा दोन.

"आत्याने हे तपासलं नव्हतं?"

"तपासत होती. मी फोन काढून घेतला."

"पाच वर्षं, काका."

"हो."

"मला शिकवताना ती तुमचं उदाहरण द्यायची. शिरीषसारखं चिकाटीने बसायचं म्हणायची. मला तुमचा राग यायचा त्यावरून." तिने पट्टी खाली ठेवली. "आता वेगळ्या कारणाने येतोय."

मी म्हणालो, येऊ दे.

मग ती उठली. ओला बोळा घेऊन तिने आखलेले चौकोन पुसले. पाठमोरीच म्हणाली, "आत्याची स्वतःची कुठली? दाखवा."

मी वही उघडून आधीचं पान काढलं. नळावरचे डबे समजावून सांगितले. ती लॅपटॉपवर एकामागून एक याद्या देत गेली: मायनस नसलेली, शून्य नसलेली, प्लस नसलेली. शेवटी तिने अजिबात काहीच नसलेली, कोरी यादी दिली. तीन रिकाम्या खोल्या आल्या, शिस्तीत. त्या क्षणी ती हसली. तुझ्यासारखं, नाकातून. म्हणाली, "रिकाम्या हाताने आलेल्यालाही तीन खोल्या. म्हाडाने हिला आधी विचारायला हवं होतं."

अडचण एकच झाली. वीस चौकोन त्या भिंतीवर मावेनात. खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये आठ आरामात बसत होते. शनिवारी पेंटर आला आणि म्हणाला, दोन ओळी करू. प्रज्ञा आणि मी एकदम म्हणालो, "नाही." एका ओळीची गोष्ट दोन ओळींत लिहिली तर तू वरून काय बोलशील ते आम्हाला पाठ आहे. मग चाळीतल्या चौघांनी मिळून ते लोखंडी कपाट पलीकडच्या भिंतीला नेलं. त्याच्या मागे तुझी हरवलेली दोन पेनं, एक चष्मा आणि कुणाचीतरी न तपासलेली उत्तरपत्रिका सापडली. सातवीची असावी. बिचाऱ्याची किंवा बिचारीची आता मुलं सातवीत असतील. प्रज्ञाने ती तपासली. चौदा मार्क.

काल संध्याकाळी रंग वाळला. वीस चौकोन, निळ्या रंगात, खिडकीपासून दारापर्यंत. अक्षर तुझंच, वहीवरून मोठं करून घेतलेलं. खाली तुझं नाव.

प्रज्ञाने मला माफ केलंय का, हे मी विचारलेलं नाही. निघताना ती म्हणाली, "गुरुवारी सहा वाजता या. मुलांना ही ओळ तुम्ही समजवायची. आणि ती आठची का चुकते, ती कुठून आली, तेही तुम्हीच सांगायचं. सगळं." मी म्हणालो, मला बोलता येत नाही. ती म्हणाली, "रविवारी ऐकलं मी. म्हणूनच सांगतेय, सराव करून या."

सराव चालू आहे. माणसासमोर बोलायची सवय नाही म्हणून आधी तुला लिहितोय. बायकोला हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढं तू मला कधी बोलला नाहीस." मी तिला चहा करून दिला.

आणि ताई, गेल्या तीन दिवसांत मी ते कोडं पुन्हा सोडवलं. कुठलं पान उघडलं नाही, तुझ्या ओळीकडेही बघितलं नाही. साधंच केलंय. यादी तीनदा चाळली: एकदा शून्याहून लहान ते, एकदा शून्याएवढे, एकदा शून्याहून मोठे. तिन्ही चाळणींखाली जे पडलं ते शेजारी शेजारी ठेवलं. तू म्हणशील, हे पहिल्या दिवशी नवशिक्या करतो. खरं आहे. पण हे माझं आहे. आधी प्लस नसलेली यादी दिली, मग कोरी दिली, दोन्ही वेळेला तीन खोल्या आल्या, आणि त्यानंतरच चौकोन मोजायला घेतले.

पंचवीस भरले. तुझ्याहून पाच जास्त.